मूठभर तांदळाचा हिशेब

या पुस्तिकेचं हस्तलिखित घेऊन ती काढणाऱ्या मंडळातली दोघं घरी आली, तेव्हा मी त्यांच्याकडे आधी वही मागितली. जमाखर्चाची. थोडी चमकलीच बिचारी. प्रस्तावना लिहिणाऱ्याने फार तर लेखकांची नावं विचारावीत, चहा घ्यावा आणि ‘बघतो’ म्हणावं, अशी आपल्याकडची रीत. पण विषय होता गावोगाव राबणाऱ्या ख्रिस्ती सेवकांना आधार देण्याचा. आधार म्हटलं की पैसा आला, आणि पैसा म्हटला की तो कुणी दिला, किती दिला, कुणाच्या हातून गेला, हे आलं. त्यापुढे आणखी एक रकाना असतो: घेणाऱ्याला देणाऱ्यापुढे किती वाकावं लागलं. तो रकाना कुठल्याच वहीत आखलेला नसतो. ही प्रस्तावना मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

मिशनरी म्हटलं की मराठी माणसापुढे अजून गोरा साहेबच उभा राहतो. डोक्यावर सोला टोपी, हातात पुस्तक, तोंडी अडखळतं पण व्याकरणशुद्ध मराठी. हा साहेब काही खोटा नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेला. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाण मांडलं आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू केला. साहेबाने शाळा काढल्या, दवाखाने काढले. मात्र महारवाड्यात किंवा मांगवाड्यात रोज सकाळी जो माणूस हजर असे, तो साहेब नव्हता. तो ‘मास्तर’ होता. साहेब थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन फिरतीवर येई. मास्तर पावसाळ्यातही तिथेच असे. पोरांना बाराखडी शिकवायची, रविवारी उपासना घ्यायची, कुणाचा कागद वाचून दाखवायचा, कुणाला ताप भरला तर बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यायचं, पाटलाने बोलावलं की पुढे व्हायचं. त्याची बायको बायकांत बसून पवित्र शास्त्र वाचून दाखवी आणि जमलं तर बाळंतपणालाही धावे. साहेबाच्या इंग्रजी अहवालात या जोडप्याचा उल्लेख ‘नेटिव्ह हेल्पर’ या सदराखाली, आकड्यांत. माझे आजोबा अशाच एका आकड्यात आहेत. कुठल्या, ते आम्हाला घरच्यांनाही सांगता येणार नाही.

तेव्हा पुस्तिकेतले ‘स्थानिक मिशनरी’ ही काही नवी निपज नव्हे. जुनी आणि दुर्लक्षित परंपरा आहे. तिची सुरुवात कुठून धरायची म्हणाल, तर मी नगरमधून धरणार नाही. गोव्यातून धरीन.

जोसेफ वाझ बाणावलीला १६५१ मध्ये जन्मला. सांकवाळचं कोकणी ब्राह्मण ख्रिस्ती घराणं. तो धर्मगुरू झाला खरा, पण युरोपातून आलेल्या संन्यासी संघांची दारं त्या काळी गोव्यातल्या देशी माणसांना बहुधा बंद असत. मग काही देशी धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात एकत्र राहायला सुरुवात केली. वाझ १६८५ मध्ये त्यांच्यात गेला आणि त्यातून ओरेटरी नावाचा संघ उभा राहिला. तो सगळा गोवेकरांचा. कागदोपत्री त्याची मान्यता पुढे कधीतरी यायची होती. त्याआधीच वाझच्या मनाने सिलोनचा ध्यास घेतला होता.

सिलोनमध्ये काय चाललं होतं? १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगिजांकडून जाफना घेतलं. डच प्रॉटेस्टंट, पोर्तुगीज कॅथलिक. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकललं आणि कुणी धर्मगुरूला घरात आसरा दिला तर देहान्त शासन, असा हुकूम काढला. राज्यकर्ते ख्रिस्ती, छळ होणारेही ख्रिस्ती. (छळाला विशिष्ट धर्माची मक्तेदारी नसते, हे या विषयावर लिहिणाऱ्याने आरंभीच कबूल केलेलं बरं. ज्या गोव्यातून वाझ निघाला, त्या गोव्यात त्याच वर्षांत इन्क्विझिशन चालू होतं आणि तिथे हिंदूंचं काय होत होतं, हे आपल्याला माहीत आहे.) जवळजवळ तीस वर्षं त्या बेटावरच्या कॅथलिक लोकांना धर्मगुरूचं दर्शन नव्हतं. पोरांचे बाप्तिस्मे, मयताच्या प्रार्थना, जे काही व्हायचं ते घरातल्या घरात, दबक्या आवाजात.

१६८७ मध्ये वाझ तिकडे पोचला तो कुलीच्या वेशात, लंगोटीवर. सोबत जॉन नावाचा एकच तरुण नोकर. हगवणीने बेजार. दारोदार भीक मागताना त्याने गळ्यात जपमाळ घातली होती आणि ती पाहून कुणाचा चेहरा बदलतो यावर तो आपले लोक ओळखत होता, असं सांगतात. या गोष्टीत पदरची भर किती, ते मी तपासत बसलो नाही. तिच्यातली अडचण मात्र अगदी खरी आहे: ज्यांची सेवा करायला आलो, ते आपल्याला सापडायचे कसे, आणि आपण त्यांना सापडलो तर त्यांचं काय होणार? त्याला जाफन्याजवळच्या सिल्लालई गावाने सांभाळलं. म्हणजे नेमकं काय केलं? दार उघडलं. त्या दाराची किंमत हुकुमात लिहिलेली होती.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपण ‘सेवकांना आधार’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे देणगीदार येतो: दूरचा, सुखवस्तू, दयाळू. वाझची गोष्ट वेगळं सांगते. गोव्याच्या ओरेटरीने त्याला माणसं पाठवली, पुढे वर्षानुवर्षं पाठवत राहिली. पण त्याला जिवंत कुणी ठेवलं? ज्यांच्यासाठी तो आला होता त्यांनीच. गरिबाने, छळ सोसणाऱ्याने, स्वतःचं डोकं पणाला लावून. सेवक आणि सेव्य यांच्यातली ही देवघेव दुतर्फी असते. अहवालांत ती एकतर्फी दिसते, कारण अहवाल देणगीदारासाठी लिहिलेले असतात.

१६९२ मध्ये वाझ कँडीच्या राज्यात शिरला. राजा बौद्ध. पोर्तुगिजांचा हेर म्हणून त्याला पकडून डांबलं. चुगली केली होती एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने. कैदेत त्याने सिंहली शिकून घेतली. तमिळ आधीच शिकला होता. पुढे राजाचा विश्वास बसला आणि मोकळेपणाने फिरायची परवानगी मिळाली. ख्रिस्ती डचांच्या राज्यात जे मिळालं नाही, ते बौद्ध राजाच्या राज्यात मिळालं. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. ज्यांना पळता आलं ते पळाले. रोग्यांना घरच्यांनी रानात नेऊन टाकलं. वाझने झोपड्या उभारल्या, रोग्यांना धुतलं, खाऊ घातलं, मेलेल्यांना पुरलं. यात ख्रिस्ती किती आणि बौद्ध किती, याची नोंद त्याने ठेवली नाही. १७०५ मध्ये दिवाडीचा जाकोम गोन्साल्विस त्याच्या मदतीला आला. त्याने सिंहलीत आणि तमिळमध्ये इतकं लिहिलं, की सिंहली साहित्याच्या इतिहासात त्याला वगळून पुढे जाता येत नाही. वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत म्हणून जाहीर केलं. तीनशे चार वर्षं लागली. युरोपियन असता तर इतकी लागली असती का, हा प्रश्न माझ्या मनात येतो. तो तुमच्याही मनात आला तर राग मानणार नाही.

नंतरच्या दोन शतकांत प्रॉटेस्टंट मिशनांनी हिंदुस्थानात भरपूर पैसा ओतला. त्यातून उभ्या राहिलेल्या शाळा-इस्पितळांचं ऋण नाकारायचा करंटेपणा मी करणार नाही. माझं शिक्षण त्यांच्यातच झालं. पण पैशाबरोबर एक व्यवस्थाही आली. साहेब नेमणार, साहेब बदली करणार, साहेब पगार ठरवणार. मास्तर कितीही शहाणा असला तरी तो मदतनीस. या दुखण्यावर जाहीरपणे बोट ठेवलं ते तिरुनेलवेलीकडच्या वेदनायगम सॅम्युएल अझरायाने. जून १९१०, एडिंबरा, जगभरच्या मिशनांची परिषद. सुमारे बाराशे प्रतिनिधी, त्यांत आशियातले वीससुद्धा नाहीत. पस्तिशीतला अझराया उभा राहिला आणि साहेबांच्या तोंडावर म्हणाला, की तुम्ही आमच्या गरिबांना अन्न दिलंत, जीव दिलेत, याबद्दल पुढच्या पिढ्या तुमचे उपकार मानतील. आता आम्हाला मित्र द्या. सभा अवघडली. काहींना फार लागलं. तक्रार साधी होती: वर्षानुवर्षं एका मिशनमध्ये काम करणारे देशी आणि विलायती लोक एकमेकांच्या घरी एका पंगतीला बसत नव्हते. जातीवर प्रवचनं देणाऱ्यांनी स्वतःची एक जात केली होती.

अझराया नुसता बोलणारा नव्हता. १९०३ मध्ये त्याने तिरुनेलवेलीच्या लोकांची स्वतःची मिशन संस्था काढण्यात पुढाकार घेतला. १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिचा तो पहिला सरचिटणीस. माणसं हिंदी, पैसा हिंदी, कारभार हिंदी, असं तिचं सूत्र होतं. ते वर्ष लक्षात घ्या: बंगालची फाळणी, स्वदेशीची चळवळ. ख्रिस्ती लोक त्या वाऱ्यापासून अलिप्त होते, असा समज आपल्याकडे फार आहे. तो या एका तारखेने निकालात निघावा. १९१२ मध्ये अझराया दोर्णकलचा बिशप झाला. अँग्लिकन मंडळीतला (चर्चमधला) हा पहिला हिंदी बिशप. दोर्णकल निजामाच्या मुलखात. तिथे त्याच्याकडे आले ते माला आणि मादिगा. आपल्याकडचे महार आणि मांग समजा. त्यांच्यातूनच त्याने गावचे शिक्षक आणि पाळक उभे केले आणि त्यांच्याकडूनच अर्पणही मागितलं. इतक्या गरीब माणसांकडून? टीका झाली. अझरायाचं म्हणणं असं, की ज्याच्याकडून आपण काहीच मागत नाही, त्याला आपण मनातून माणूस धरलेलं नसतं. त्याच्या सामुदायिक धर्मांतरांवर गांधीजी नाराज होते आणि अझरायाही त्यांच्यापुढे नमला नाही. तो वाद अजून संपलेला नाही आणि या प्रस्तावनेत संपवण्याचा माझा विचारही नाही.

हेच दुखणं आपल्या नारायण वामन टिळकांनी स्वतःच्या अंगावर वागवलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले, अमेरिकन मिशनच्या पगारावर. हातात पैसा टिकत नसे. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना लक्ष्मीबाईंच्या संसाराचा हिशेब सांगायला नको. दुष्काळातली पोरं घरात आणून ठेवायची, मग त्यांच्या पोटाची चिंता बायकोने करायची. मिशनच्या लोकांशी टिळकांची मैत्रीही होती आणि खटकेही उडत. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते, न घेतलेलेही होते. अट एवढीच, की ख्रिस्ताला गुरू मानायचं. पगाराशिवाय, देशी वेषात, देशी भजनांसह. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. टिळकांच्या प्रतिभेचं कौतुक करणारे आमचे लोक त्या दोन वर्षांबद्दल जरा कमी बोलतात. कारण उघड आहे. टिळकांनी नोकरी सोडली तेव्हा तिच्या जागी आम्ही, म्हणजे मराठी मंडळीने, काय उभं केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं जड जातं.

आणखी एक कडू घोट. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांविषयी लिहिलं, ख्रिस्ती लोकांपुढे भाषणंही केली. १९३८ च्या आरंभी सोलापुरात केलेलं एक भाषण आहे. त्यांचा ठपका असा, की मिशनांनी माणसं ख्रिस्ती केली, शिकवली, पण त्यांच्यावर होणाऱ्या सामाजिक अन्यायाविरुद्ध ती उभी राहिली नाहीत, आणि शिकून वर गेलेले ख्रिस्ती आपल्या खेड्यातल्या भाऊबंदांकडे वळून पाहत नाहीत. मला हे वाचताना दर वेळी आमची शहरातली देवळं आठवतात. छान रंग दिलेली, ध्वनिक्षेपक बसवलेली.

आता तांदळाकडे येतो.

मिझोरामला तेव्हा लुशाई टेकड्या म्हणत. १८९४ च्या जानेवारीत तिथे मुक्कामाला पहिले दोन विलायती मिशनरी, लॉरेन आणि सॅव्हिज, आले. पहिले दोन बाप्तिस्मे १८९९ मध्ये झाले. सुरुवातीला गावच्या प्रमुखांचा विरोध असे आणि कुणाकुणाला गाव सोडावं लागे. लोक झूम (फिरती) शेती करणारे, रोख पैसा जवळजवळ नाहीच. मग मंडळीचं काम चालायचं कशावर? १९१० मध्ये तिथल्या बायकांनी एक रीत घातली: ‘बुहफाई थाम’. बुहफाई म्हणजे कांडलेला तांदूळ, थाम म्हणजे मूठ. चूल पेटवली, घरच्यांसाठी तांदूळ मोजून घेतले, की त्यातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकायची. आठवड्याने मंडळीतल्या बायका येतात, भांडी रिकामी करतात, तांदूळ विकतात आणि तो पैसा सुवार्तेच्या कामाला जातो. एवढंच.

आता ही मूठ घालायला सुरुवात केल्यावर लगेच काय झालं पाहा. १९११-१२ मध्ये ‘माउताम’ आला. त्या टेकड्यांत साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा बांबूला एकदमच फुलोरा येतो, बी पडतं, त्यावर उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपलं की ते शेतांवर तुटून पडतात. दुष्काळ. म्हणजे ही रीत सुबत्तेतून निघालेली नाही. नव्याने सुरू झाली तोच तिची उपाशी घरांशी गाठ पडली. तरी ती आज शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या मुठींवर, आणि त्याच्या जोडीला विकलेल्या भाज्या, लाकूडफाटा यांवर, मिझो मंडळी देशाच्या इतर भागांत सेवक पाठवते आणि त्यांना पोसते. २०११ च्या जनगणनेत मिझोराममध्ये सत्त्याऐंशी टक्के लोक ख्रिस्ती होते. पण मला त्या टक्क्यांपेक्षा ती मूठ मोठी वाटते.

मूठ आपल्यालाही परकी नाही. मराठीत ‘मुष्टिफंड’ हा शब्दच आहे. घरोघर मूठ-मूठ धान्य गोळा करून शाळा आणि वसतिगृहं चालवण्याची चाल आपल्याकडे होती. पणजीत तर मुष्टिफंड याच नावाची शिक्षणसंस्था आहे. आमच्या खेड्यातल्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला अजून बाजरीची कणसं, कोंबडी, अंडी, भोपळा वेदीपुढे येतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका भोपळ्यासाठी दोन भाऊ इरेला पडून पाचशेपर्यंत गेलेले मी पाहिले आहेत. मुद्दा असा, की गरिबाला द्यायला आवडतं. मागणाऱ्यालाच संकोच वाटतो.

छळाविषयी लिहिताना हात जरा आखडतो. कारण या विषयावर रडणं सोपं आहे आणि भडकणंही सोपं आहे. एकच उदाहरण देतो. ओडिशाचा कंधमाल जिल्हा. २३ ऑगस्ट २००८ रोजी विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांचा खून झाला. तो निंद्यच होता. त्याचा ठपका ख्रिस्ती लोकांवर ठेवला गेला आणि त्यानंतर कित्येक आठवडे ख्रिस्ती वस्त्या जळत राहिल्या. सरकारी हिशेबाने एकोणचाळीस माणसं मारली गेली. ख्रिस्ती संस्थांचा आकडा याहून बराच मोठा आहे. पन्नास हजारांवर लोक घरं सोडून रानात आणि छावण्यांत गेले. मरणारे बहुतेक तिथलेच होते: दलित, आदिवासी, शेतमजूर, गावचे पाळक. फादर बर्नार्ड दिगाल हे त्याच मातीतले धर्मगुरू. जबर मारहाणीनंतर दोन महिन्यांनी ते चेन्नईत वारले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भरपाई अपुरी ठरवून वाढवून द्यायला सांगितलं. २०२३ मध्ये व्हॅटिकनने कंटेश्वर दिगाल आणि आणखी चौतीस जणांना हुतात्मे ठरवण्याच्या प्रक्रियेला परवानगी दिली. नावं वाचा: त्यांत साहेब नाही.

परदेशी हस्तकांनी चालवलेला उद्योग, हा आरोप या माणसांवर आजही होतो. त्याला उत्तर देताना आमच्या बाजूने दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. एक, कायदा. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे; मात्र १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क येत नाही. अनेक राज्यांत बळ, फसवणूक आणि आमिष यांविरुद्ध कायदे आहेत. त्यांचा गैरवापर होतो, खोट्या तक्रारी होतात, हे खरं. पण भाकरीला अट लावणं हे कायद्याआधी ख्रिस्ताच्याच शिकवणुकीत बसत नाही. औषध द्यायचं ते तापाला, धर्म विचारून नव्हे. वाझने कँडीत वेगळं काय केलं?

दुसरी गोष्ट पैशाची. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये मोठे बदल झाले. आता परदेशी पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थांचं काय व्हायचं ते होवो. तालुक्याच्या गावातला, मोठ्या संस्थेमार्फत महिन्याला चार पैसे मिळवणारा सेवक मात्र एका रात्रीत तोंडघशी पडला. यावर हळहळून झालं असेल तर पुढचं बोलू. तो पैसा बाहेरून का येत होता? कारण घरून येत नव्हता.

बाहेरच्या पैशाबरोबर काय येतं, तेही मी पाहिलं आहे. एका संस्थेचा (नाव कशाला?) छापील तक्ता होता. सेवकाने दर महिन्याला तो भरायचा: किती घरी गेलात, किती सभा, किती जणांनी निर्णय घेतला, सोबत फोटो. माझ्या ओळखीचा एक तरुण सेवक तो भरताना घामाघूम व्हायचा. त्या महिन्यात त्याने एका म्हातारीला तीन वेळा मोतीबिंदूच्या तपासणीला नेलं होतं आणि एका घरातलं भांडण मिटवलं होतं. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. मग तो आकडा थोडा फुगवी. पुढच्या महिन्यात कमी कसा दाखवणार? आणखी फुगवी. आणि ते फुगवलेले आकडे शेवटी कुणाच्या हातात पडतात? ‘बघा, किती धर्मांतरं करतात’ म्हणून ओरडणाऱ्यांच्याच. फोटोंचं तर विचारूच नका. ज्या वस्तीत ख्रिस्ती असणं जोखमीचं आहे, तिथल्या बाईचा चेहरा परदेशातल्या दिनदर्शिकेवर छापून कुणाचं भलं झालं?

ही पुस्तिका काढणाऱ्या मंडळाने ही चूक टाळलेली दिसते. लेखांत माणसांची आणि गावांची खरी नावं नाहीत. काही वाचकांना ते खटकेल. मला ते योग्य वाटलं. त्यांच्या वहीत सेवकाच्या पगाराबरोबर वैद्यकीय विम्याचा हप्ता आहे, मुलांच्या फीची नोंद आहे, वकिलाच्या फीसाठी थोडी रक्कम राखून ठेवली आहे. म्हातारपणासाठी काही नाही. हे मी त्यांना सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मयतं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मयताला वर्गणी काढावी लागते, हे दृश्य आमच्या मंडळ्यांना नवीन नाही. पुढच्या वर्षी हा रकाना घालू, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी मी पुन्हा वही मागणार आहे.

लेखांच्या भाषेबद्दल थोडं. काही लेखांत अजून मिशनच्या अहवालाचा वास आहे. ‘अंधारात चाचपडणारे लोक’ वगैरे शब्द मी असतो तर काढले असते. ज्यांना आपण अंधारात म्हणतो, त्यांच्यातल्याच एका बौद्ध राजाने वाझला मोकळेपणाने फिरू दिलं होतं. एका लेखिकेने मात्र वस्तीतल्या शिवणवर्गाविषयी इतकं सरळ लिहिलं आहे, की मशीन किती, सुया किती मोडल्या, कापड उधारीवर कुणी दिलं, हे सगळं त्यात आहे. उधारी देणारा दुकानदार मुसलमान आहे. तो लेख आधी वाचा.

आणि वाचून झालं की तुमच्या जवळच्या गावात जो पाळक किंवा सेवक असेल, त्याच्या घरी एकदा जेवायला जा. जाताना तांदूळ घेऊन जा. फोटो काढू नका.